पक्ष्यांचं औषध, माझा ताप

"हा कागद मी तुम्हाला बसून वाचून दाखवते, वंदनाताई," असं म्हणत डॉक्टर मॅडमनी पलंगाशेजारचं स्टूल पुढे ओढलं.

राउंडला आलेले डॉक्टर सहसा बसत नाहीत. उभ्यानेच फाईल पाहतात, नर्सला दोन गोष्टी सांगतात आणि पुढच्या पलंगाकडे वळतात. मॅडम मात्र बसल्या. वर्ध्याच्या दवाखान्यातला तो माझा तिसरा दिवस होता. ताप उतरायचं नाव घेत नव्हता. सकाळी बीपी इतकं खाली गेलं होतं की माझा पलंग नर्सच्या टेबलासमोर आणून ठेवला होता. आयसीयूत एक जागा धरून ठेवली आहे, हे मी ग्लानीत अर्धवट ऐकलं होतं.

कागदावर औषधांची नावं एकाखाली एक होती आणि प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. मॅडम पेनाचं टोक खाली खाली नेत होत्या. "आर म्हणजे रेझिस्टंट. या औषधाने तुमच्या अंगातले जंतू मरत नाहीत. एस म्हणजे सेन्सिटिव्ह. याने मरतात." आर, आर, आर, आर. मी मध्येच डोळे मिटले. उघडले तेव्हा पेन तळाशी पोचलं होतं आणि तिथे चार-पाच ओळींवर एस होता.

"म्हणजे औषध आहे ना?" मी विचारलं.

"आहे. पण ते शिरेतून द्यावं लागेल. एक-दोन गोळ्या चालतात असं दिसतंय, पण त्या लघवीच्या पिशवीपुरत्या. तुमचा आजार किडनीपर्यंत गेलाय, तिथे त्या पुऱ्या पडत नाहीत."

माझ्या आजाराचं नाव होतं पायलोनेफ्रायटिस, म्हणजे किडनीला झालेला जंतुसंसर्ग. जंतूचं नाव ई. कोलाय. हा जंतू तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि तिथे असेपर्यंत सहसा त्रास देत नाही. माझ्या अंगातला मात्र ईएसबीएल जातीचा निघाला. म्हणजे असा जंतू, जो आपल्यावर टाकलेली बरीचशी औषधं तोडून निकामी करणारा पदार्थ स्वतःच तयार करतो.

हे मी लिहिते आहे ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. ज्यांना लघवीची जळजळ होते आणि ज्या लाजेपायी ती कुणाला सांगत नाहीत अशा बायांसाठी, आणि आमच्यासारखं ज्यांच्या घरामागे कोंबड्यांचं शेड आहे त्यांच्यासाठी. मी दोन्ही होते.

पवनारच्या पुढे, धाम नदीपासून थोडं आत आमचं गाव आहे. माझं वय शेहेचाळीस. नऊ वर्षांपासून मी आणि माझे यजमान प्रमोद, आम्ही दोघं मिळून शेड चालवतो. तीन हजार पक्ष्यांचं. एक दिवसाची पिल्लं आणायची, सहा आठवडे वाढवायची, गाडी आली की माल द्यायचा, शेड धुऊन पुन्हा पिल्लं. खाद्य, पडदे, गाडीवाल्यांशी बोलणं प्रमोदकडे. औषधपाणी माझ्याकडे. मी बी.ए. झालेली, बाटलीवरचं इंग्रजी वाचता येतं, म्हणून ते काम आपोआप माझ्याकडे आलं. पिल्लं आली की पहिले पाच दिवस पाण्याच्या टाकीत अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध, टाकायचंच. हवा बदलली की पुन्हा तीन दिवस. शेजारच्या गावात कोंबड्या मेल्याचं कळलं की पुन्हा. पक्षी आजारी पडल्यावर नव्हे, पडू नयेत म्हणून. दुकानदाराने सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं आणि आमचे पक्षी मरत नव्हते, म्हणून मला त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही. उलट मला थोडा गर्वच होता. औषध टाकून हाताने टाकी ढवळायची, हात साडीला पुसायचे आणि चहाला बसायचं.

दुखणं सुरू झालं ते दिवाळीनंतर. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं. आमच्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात. मी धण्याचं पाणी प्यायले. चार दिवसांनी फाट्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दुकानदाराला नीट सांगताही आलं नाही, "जळजळ होते" एवढंच म्हटलं. तीन दिवसांत बरं वाटलं, मी गोळ्या बंद केल्या आणि उरलेली पट्टी कपाटात ठेवली. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच त्रास. उरलेल्या गोळ्या संपवल्या. फरक पडला नाही तेव्हा दुसऱ्या गोळ्या आणल्या, जास्त ताकदीच्या. त्यानेही दोन दिवस बरं वाटलं.

मग एका दुपारी शेडमधून येताना उजव्या बाजूला, कमरेच्या वर, कळ आली. अंगणात पोचेपर्यंत दात वाजायला लागले. भर उन्हात मी दोन गोधड्या घेऊन पडले तरी हुडहुडी थांबेना. उलटी झाली. प्रमोद शेडमधून धावत आले.

"वंदना, काय होऊन राह्यलं तुले?"

मला बोलता येईना. त्यांनी गावातला ऑटो बोलावला आणि तसंच मला वर्ध्याला नेलं. आमची मुलगी अश्विनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती कॉलेजमधून परस्पर दवाखान्यात आली.

कॅज्युअल्टीमध्ये रक्त काढलं, सोनोग्राफी झाली, सलाईन लागलं. पहिलं इंजेक्शन देण्याआधी नर्सने झाकणाची छोटी डबी हातात दिली आणि लघवी कशी घ्यायची ते समजावून सांगितलं. "सुरुवातीची जाऊ द्यायची, मधली घ्यायची. ही कल्चरला जाईल." कल्चर म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांच्यावर चालतं ते तपासायचं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजाने एक चांगलं औषध सुरू करतात. बहुतेकांना ते लागू पडतं.

मला पडलं नाही. पहिला दिवस एकशे तीन ताप. दुसरा दिवस एकशे तीन. अश्विनी कपाळावरची पट्टी बदलत होती आणि दर वेळी थर्मामीटर उजेडाकडे धरून पाहत होती. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर तिने पुस्तक उघडलं होतं, पण पान उलटलं नाही, हे मी स्ट्रेचरवरून पाहिलं. "आई, पाणी पी," एवढंच ती सारखं म्हणायची. तिसऱ्या दिवशी सकाळी बीपी पडलं आणि दुपारी तो कागद घेऊन मॅडम आल्या.

त्याच दिवशी आमच्या शेडवर नवी पिल्लं आली होती. ऑर्डर आधीच दिलेली होती, थांबवता आली नाही. म्हणून प्रमोद सकाळी मला पाहून गावी परतले होते. एक दिवसाच्या पिल्लांना ऊब लागते, त्यांना सोडून कुठे जाता येत नाही. मॅडम माझ्या फाईलमध्ये नवं इंजेक्शन लिहीत होत्या आणि अश्विनीच्या हातातला फोन वाजला. तिने तो माझ्या कानाशी धरला.

"वंदना, त्या बाटलीचं टाकीत किती टाकू? एक टोपण का दोन?"

"दोन," मी म्हटलं. "मोठ्या टाकीला दोन. अन् पाच दिवस रोज टाकजा."

मॅडमचं पेन थांबलं. "कुणाचं औषध आहे?"

"कोंबड्यांचं, मॅडम."

"आजारी आहेत का कोंबड्या?"

"नाही, आजच आलीत पिल्लं. आजारी पडू नयेत म्हणून देतो."

"नाव आठवतंय औषधाचं?"

मला पाठ होतं. एन्रोफ्लॉक्सॅसिन. मॅडमनी तोच कागद पुन्हा माझ्यासमोर धरला आणि एका नावाखाली रेघ ओढली. सिप्रोफ्लॉक्सॅसिन. समोर आर. "तुम्ही मेडिकलमधून आधी आणलेली गोळी हीच होती. आणि तुमच्या कोंबड्यांचं औषध या गोळीचं सख्खं भावंड आहे. एकाला जंतू सरावले की दुसऱ्यालाही दाद देत नाहीत."

मी अश्विनीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, फोनकडे पाहत होती. फोन अजून चालू होता. पलीकडून प्रमोदनी सगळं ऐकलं होतं.

दुपारी नवं इंजेक्शन सुरू झालं. मेरोपेनेम. साधी औषधं चालेनाशी झाली की राखून ठेवलेल्यांपैकी हे एक. दर आठ तासांनी. मॅडम म्हणाल्या, "हे आम्ही सहजासहजी काढत नाही. यालाही जंतू सरावले तर आमच्याजवळ फार थोडं उरतं."

संध्याकाळी आमच्या पुतण्याला शेडवर बसवून प्रमोद आले. येताना औषधाची बाटली पिशवीत घालून आणली होती. मॅडम अजून वॉर्डातच होत्या. प्रमोदनी बाटली त्यांच्यासमोर धरली आणि जरा घुश्शातच विचारलं, "मॅडम, कोंबड्यायचं औषध कोंबड्यायच्या पोटात जाते. हिच्या तापाशी त्याचं काय?"

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या कोंबड्यांमुळेच हे झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते तसं सिद्ध करता येत नाही. ताईंनी गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला, त्यानेही जंतू पक्के होतात. पण तुमच्या शेडमध्ये काय होतं ते ऐका. पाण्यातून रोज थोडं औषध जातं. कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. ते विष्ठेतून खाली अंथरलेल्या भाताच्या तुसात येतात, तुसातून तुमच्या हातावर, हातावरून तोंडात. पोटात ते निवांत बसतात. एक दिवस लघवीच्या वाटेला लागतात आणि मग आमच्याजवळ औषध कमी पडतं."

"मंग माह्या बी पोटात असतीन?"

"असू शकतात. तुमच्या, मुलीच्या, कुणाच्याही. नुसते पोटात असल्याने आजार होत नाही, त्यासाठी औषध घ्यायचं नाही. साबणाने हात धुवायचे."

प्रमोदनी बाटली पुन्हा पिशवीत घातली आणि माझ्या पायाशी बसले. माणूस मुळातच कमी बोलणारा. निघताना म्हणाले, "दुपारी फोन ठेवल्यावर टोपण हातातच होतं माह्या. टाकलं नाई मंग. भेव वाटलं."

"पिल्लं मेली तर?"

"तेच तं समजून नाई राह्यलं," ते म्हणाले आणि गेले.

ही काळजी खोटी नव्हती. आमच्या घरात तेच एक उत्पन्न आहे. अश्विनीचं शिक्षण त्यावर, माझं दवाखान्यातलं पडून राहणं त्यावर. तापात मला सारखी ती पिवळी पिल्लं दिसायची, बल्बखाली एकमेकांत घुसून बसलेली. आणि त्याहून वाईट म्हणजे मनात यायचं, की हे मी माझ्या हाताने केलं. अश्विनी लहान असताना याच हातांनी तिला भरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते मॅडमना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे सांगितलं गेलं ते तुम्ही केलं, ताई. आता वेगळं कळलंय, तर वेगळं करा. रडायचं तर घरी जाऊन रडा, इथे पाणी प्या."

नवं इंजेक्शन सुरू होऊन दोन दिवस झाले आणि सकाळी मला घाम फुटला. उशी, पाठ, केस, सगळं ओलं. अश्विनीने थर्मामीटर लावला, उजेडाकडे धरला आणि थेट नर्सकडे नेऊन दाखवला. नव्याण्णव. त्या दिवशी मी वाटीभर मऊ खिचडी खाल्ली. त्यानंतर पाठीतली कळ हळूहळू कमी झाली. लघवीचं माप, रक्ताची तपासणी, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, सगळं एकेक दिवसाने सुधारत गेलं. एकूण दहा दिवस ते इंजेक्शन चाललं. हाताच्या शिरा काळ्यानिळ्या झाल्या होत्या. बरं वाटायला लागल्यावर मी एकदा विचारलं, "आता बंद केलं तर?" मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं नाही.

घरी आले तेव्हा पिल्लं बारा दिवसांची झाली होती. औषधाविना. मर नेहमीपेक्षा थोडी जास्त होती, पण प्रमोदना वाटलं होतं तशी नाही. मला शेडमध्ये जायची बंदी होती, म्हणून मी जाळीबाहेर खुर्ची टाकून बसायचे.

प्रमोदनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. उतारवयाचे, सावकाश बोलणारे. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. नऊ वर्षांत आम्ही त्यांना एकदाही विचारायला गेलो नव्हतो, सगळं दुकानात विचारायचो. ते म्हणाले, "औषधाशी वैर धरू नका. पक्षी खरंच आजारी पडला, आजार ओळखला, तर औषध द्यायचं, पुरतं द्यायचं, अन् विकायच्या आधी ठरलेले दिवस बंद ठेवायचं. पण रोजच्या जेवणासारखं नाई द्यायचं. ज्या कामासाठी तुम्ही ते देऊन राह्यले होते, ते काम सफाईने होते." मग त्यांनी सांगितलं ते असं: पाण्याची टाकी आणि नळी दर बॅचला धुवायची, पाण्यात ब्लीचिंग किती टाकायचं ते मोजून टाकायचं. शेडच्या दारात चपला वेगळ्या. बाहेरचा माणूस आत नाही, गाडीवालासुद्धा. लसी वेळेवर. तूस कोरडं.

शेवटचा शब्द आम्ही नीट ऐकला नाही, हे आठवड्यात कळलं.

पिल्लांच्या एकोणिसाव्या दिवशी शेडमधून खोकल्यासारखा आवाज यायला लागला. पक्षी माना ताणून श्वास घेत होते. डोळे चिकट. त्या सकाळी अकरा मेले. दुसऱ्या दिवशी सोळा. प्रमोद मोटारसायकलला किक मारत होते.

"कुठी चालले?"

"दुकानात. औषध आणतो. मले नाई पाहवत."

"आधी साहेबाले फोन लावा ना."

"तोवर अर्धे मरतीन, वंदना! तुह्या मॅडमले काय, तिचे नाई मरून राह्यले!"

इतक्या मोठ्याने ते माझ्यावर कधी बोलले नव्हते. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. अंगात ताकद नव्हती, हँडल धरून उभी होते. म्हटलं, "मले दवाखान्यात अंदाजाने औषध दिलं, ते चाललं नाई. कागद आल्यावर चाललं. पक्ष्यायचं बी पाहू द्या त्याईले. फक्त आजचा दिवस."

त्यांनी गाडी बंद केली. फोनही त्यांनीच लावला.

साहेब दुपारी आले. चपला बदलून आत गेले आणि उभं न राहता सरळ उकिडवे बसले. मिनिटभराने त्यांनी प्रमोदना हाक मारली, "प्रमोदभाऊ, इथी माह्याजवळ बसा. असे नाई, पक्ष्याएवढे खाली."

प्रमोद बसले आणि लगेच डोळे चोळत उठले. मी जाळीबाहेरून पाहत होते. थंडी म्हणून पडदे पूर्ण पाडून ठेवले होते. मधल्या ओळीतल्या निपल, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या छोट्या तोट्या, गळत होत्या, खालचं तूस भिजून काळं पडलं होतं आणि त्यातून अमोनियाची, म्हणजे लघवीच्या उग्र वासाची, वाफ येत होती. माणूस उभा असतो म्हणून त्याला ती फार लागत नाही. पक्षी मात्र दिवसरात्र त्यातच. साहेबांनी मेलेले दोन पक्षी फाडून पाहिले, नमुने घेतले. "मले जंतूचा रोग दिसत नाई. तपासणीत निघाला तर औषध मी सोता लिहून देईन. पण आज हे तूस बाहेर काढा."

संध्याकाळपर्यंत प्रमोद, त्यांचा भाऊ आणि अश्विनी, तिघांनी तोंडाला फडकी बांधून ओलं तूस काढलं, चुना टाकला, कोरडं तूस पसरलं. पडदे वरून हातभर उघडे ठेवले. निपल बदलल्या. तिसऱ्या दिवशी मर चारवर आली. पाचव्या दिवशी सकाळी प्रमोद शेडमधून आले आणि माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "आवाज नाई येऊन राह्यला." मी कान दिला. नुसती नेहमीची किलबिल होती. साहेबांचा तपासणीचा निरोपही नंतर आला, औषधाची गरज पडली नाही. मी विचार करते, नऊ वर्षांत असं किती वेळा झालं असेल, आणि दर वेळी आम्ही टाकीत टोपण रिकामं करून मोकळे झालो असू.

ती बॅच गेली तेव्हा वजन नेहमीपेक्षा थोडं कमीच भरलं. खोटं कशाला सांगू. पण त्यानंतरच्या दोन बॅच आमच्या जुन्या बॅचच्या बरोबरीने गेल्या. एकदा खरंच रोग आला होता, साहेबांनी ओळखून औषध दिलं, आम्ही पुरतं दिलं, आणि माल उचलायचा दिवस पुढे ढकलला. गाडीवाला कुरकुरला. प्रमोदनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

महिन्याने पुन्हा दाखवायला गेले तेव्हा लघवी स्वच्छ होती. मी मॅडमना म्हटलं, माझा कागद ज्यांनी तयार केला त्यांना भेटायचं आहे. त्या हसल्या, पण घेऊन गेल्या. प्रयोगशाळेत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी मला दुसऱ्या कुणाची तरी एक काचेची थाळी दाखवली. थाळीभर जंतूंचा पातळ, पांढुरका थर आणि त्यावर कागदाच्या बारीक टिकल्या. प्रत्येक टिकलीत एक औषध. काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल होता, तिथे जंतू वाढलेच नव्हते. काहींच्या मात्र अगदी कडेपर्यंत थर आला होता, जणू तिथे औषध नव्हतंच. "तुमच्या थाळीत गोल फार कमी होते," त्या म्हणाल्या. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी हात जोडले. त्या अवघडल्या. म्हणाल्या, "मी नुसती मोजपट्टी लावते हो."

आता कुणी विचारलं तर मी तीनच गोष्टी सांगते, कारण मला तेवढ्याच पक्क्या ठाऊक आहेत. लघवीचा त्रास लाजून लपवू नका, डॉक्टरकडे जा. कपाटातली उरलेली गोळी खाऊ नका, आणि सुरू केलेली अर्धवट सोडू नका. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध सुरू व्हायच्या आधी कल्चर करायचं का, ते स्वतःहून विचारा. चिकन खायचं की नाही, असं बायका मला विचारतात. मी खाते. नीट शिजवलं की त्यातले जंतू मरतात. कच्चं हाताळलेले हात आणि विळी मात्र साबणाने धुते.

गेल्या महिन्यात दुपारी सुनंदाचा फोन आला. ती आमच्याकडून दोन गावं पुढे राहते, तिचंही शेड आहे. आमची तूस बदलण्याची तऱ्हा पाहायला एकदा येऊन गेली होती. तिचा आवाज घाबरलेला होता. सासऱ्यांना थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, आणि तिच्या दिराने मेडिकलमधून जास्त ताकदीच्या गोळ्या आणूनही ठेवल्या होत्या.

"ताई, देऊ का त्याईले? पुडी हातातच हाये माह्या."

"नको देऊ. आत्ताच दवाखान्यात नेजो. अन् पहिल्या गोळीच्या आधी लघवी तपासाले दे, कल्चर म्हणजो त्याईले."

"तुमच्यावानी झालं असंन तं वो?"

"तसं झालं असलं तरी औषध सापडते, सुनंदा. मले सापडलं ना."

चार दिवस तिचा फोन नाही. मी दोनदा लावला, लागला नाही. मी प्रमोदना म्हटलं, उद्या जाऊन येऊ. पाचव्या दिवशी तिचाच आला. मागे कुणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं, बहुधा सासरेच.

"ताई, कागद आला. डॉक्टर म्हणे, साध्याच जंतूचं हाये. त्याईनं सुरू केलेली ती जुनी साधी गोळीच लागू पडली. ताप उतरला, काल जेवले बी. घरीच हायेत."

"पुरता कोर्स दे मात्र."

"देऊन राह्यली ना. मोजून."

फोन ठेवला आणि मी तिथेच ओट्यावर बसले. मागच्या दारातून प्रमोद आले, हात धुवायला नळाकडे जात होते. माझे डोळे पाहून थांबले. "काय झालं? काऊन रडून राह्यली?"

"सुनंदाचे सासरे बरे झाले," मी म्हटलं. "साध्या गोळीनं."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते हसले, आणि साबण हाताला लावत म्हणाले, "साध्या गोळीनं! वा रे वा!" आणि कितीतरी वेळ, पाणी वाहत असताना, हसतच राहिले.